फ्रोइलानकाकांची घुमटी

कालेता ब्लांका, मंगळवार, ३ जून १९९७

एलेओदोरो,

काल मी तुझी घुमटी पाहिली. रस्त्यात मेलेल्यांसाठी बांधतात तसली, पण जिवंत माणसाची. माझ्या सख्ख्या भावाची. अक्षर असं आलंय ते रागाने, म्हातारी झाले म्हणून नव्हे.

सहा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, तूही नाहीस, आणि माझ्याकडून लिहिणार नव्हतेच. पण शनिवारी चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या वर्गात मी मुलांना विचारलं, "संकटात आपण कोणाला हाक मारतो?" यास्ना नावाची आठ वर्षांची चुणचुणीत पोर आहे, तिचा हात प्रश्न संपायच्या आत वर. म्हणाली, "फ्रोइलानकाकांना!" मला वाटलं, आता वर्ग हसेल. कोणी हसलं नाही. अकराच्या अकरा माना डोलल्या. वर तिने मलाच समजावलं, "पण सोमवारी जायचं असतं, सेन्योरिता. आत्म्यांचा वार असतो ना. बाकीचे दिवस काका ट्रकवर असतात."

म्हणून काल दुपारी पोस्टाला कुलूप घातलं आणि निकोलासाबाईंच्या मासळीच्या गाडीत बसून काळ्या वळणावर गेले. जिथे गेल्या वर्षी तुझ्या टीव्ही मालिकेच्या शेवटच्या भागात तुम्ही तुमचा तो पिवळा ट्रक दरीत घातलात, बरोबर तिथे. ट्रकवाल्यांनी तिसऱ्या दिवशीच पत्र्याची घुमटी उभारली होती म्हणे. कुत्र्याच्या खोपटाएवढी, पिवळ्या रंगाची. आत वर्तमानपत्रातून कापलेला तुझा फोटो, टोपी वाकडी, तोंड उघडं. कॉफीच्या डब्यांत मेणबत्त्या. आणि घड्याळं, एलेओदोरो! मनगटी, गजराची, भिंतीवरची, सगळी बंद पडलेली. तुझा फ्रोइलान प्रत्येक लग्नाला, बारशाला, मयताला उशिरा पोचायचा ना, म्हणून ज्यांचं काही अडलंय, लांबलंय, रखडलंय ते सगळे त्याच्याकडे येतात. नवसाच्या पाट्या वाचून माझे डोळे पांढरे झाले. "अकरा वर्षांनी दिवस राहिले, काका, आभार." "पेन्शन सुरू झाली, आभार." एका बाईने लिहिलंय, "नवरा परत आला, आभार. आता परत पाठवायचं काय घ्याल?"

मी तिथेच ओरडले. "अहो निकोलासाबाई, हा मेलेला नाही! माझा भाऊ आहे हा. सान्तियागोत राहतो. रोज दाढी करतो!"

"तुमचा भाऊ जिवंत आहे, तेन्चाबाई, देव त्याला उदंड आयुष्य देवो," बाई म्हणाल्या, आणि मेणबत्ती काही खाली ठेवली नाही. "पण फ्रोइलानकाका इथेच गेले ना? सगळ्या गावाने बघितलं. तुमच्याकडे टीव्ही बंद होता का?"

"ती विनोदी मालिका होती!"

"मग आम्ही रडलो ते काय, मालिकेत रडलो?"

यावर काय बोलायचं ते तूच सांग, तूच रडवलंस.

मला हे सहन होत नाही. अपघाती मेलेल्यांच्या आत्म्यासाठी जी घुमटी बांधायची ती जिवंत माणसाच्या चेहऱ्यासाठी बांधली की मरण पत्ता विचारत येतं, असं आईसुद्धा म्हणायची. फादर आन्सेल्मोंना सांगितलं, तर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "लोक एकत्र तर येतात, ओर्तेन्सिया." मला वाटतं तेही ती मालिका बघायचे. तेव्हा आता तूच रस्ते खात्याला पत्र लिही. चेहरा तुझा आहे. की तोही वाहिनीने ठेवून घेतला?

बाबांना यातलं काही माहीत नाही. त्यांना देवाचंच वावडं, ते तिकडे कशाला फिरकतील? आणि तुझं नाव या घरात निघत नाही. का ते तुला ठाऊक आहे.

ओर्तेन्सिया


सोमवार, १६ जून

एलेओदोरो,

तुझी चार ओळींची चिठ्ठी आली. रस्ते खात्याला लिहिलंस, तीस तारखेला यंत्र येऊन घुमटी काढणार, हे वाचून मी खूश झाले. बाजारात एका बाईने तुझा हात धरून त्याचा मुका घेतला आणि तिच्या लेकीचं लग्न कधी ठरेल ते विचारलं, हे वाचून मात्र मी चिठ्ठी उलटी ठेवली. "गंभीर भूमिका मागायला जातो, तर म्हणतात एकदा ते फ्रोइलानचं वाक्य करून दाखवा ना. त्या माणसाला एकदाचं पुरून टाक, तेन्चा. तो राहिला तर मी राहत नाही." हे तुझं वाक्य मी तीनदा वाचलं. टीव्हीवर तू इतका हसवायचास की तुला कधी असं वाटत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

हे सगळं मी कालपर्यंत तुला असंच लिहिलं असतं. आज माझ्या पायाखालची जमीन सरकलीय.

फादरना दाखवायला पाट्यांची यादी करावी म्हणून आज पुन्हा वळणावर गेले. रांगेत पंधरा-सोळा माणसं होती. त्यात शेवटून तिसरे, हॅट छातीशी धरून, केसांना पाणी लावून भांग पाडलेला, कोटाची सगळी बटणं लावलेली, आपले बाबा.

आपले बाबा, एलेओदोरो! ज्यांनी आईच्या दफनाला फादरना "तुमचं आटपा" म्हटलं होतं ते. खाणीत तीस वर्षं युनियनचा झेंडा धरून देवाला आणि मालकाला एकाच तोंडाने शिव्या घातल्या ते. मला ते सोमवारी "बंदरावर पत्ते खेळायला" जातो म्हणून सांगतात. मी उभ्या ट्रकच्या मागे लपले. पन्नाशीची बाई, पोस्टमास्तरीण, चोरासारखी चाकाआड वाकून बसले.

त्यांचा नंबर आला. गुडघे टेकले नाहीत. कमरेवर हात ठेवून उभे राहिले, शेजाऱ्याच्या कुंपणापाशी उभं राहावं तसे. आणि बोलायला लागले, जे मी सहा वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकलं नाही तेवढं.

"हे बघ फ्रोइलान, गेल्या सोमवारी पाण्याच्या टाकीचं सांगितलं होतं, ती अजून गळतेय. तेन्चा म्हणते प्लंबर बोलवा. तिला सांग, हा हात अजून चालतो. बरं. कोंबडी खुडूक बसलीय. गुडघा कालच्यापेक्षा बरा." मग खोकला आला. तो ओला, लांबलचक खोकला, रांगेतल्या लोकांनी नजर वळवली. मग म्हणाले, "तुझ्याशी माझं काही वाकडं नाही. वाकडं आहे ते त्या दुसऱ्याशी. त्याच्याशी मी बोलत नाही, तुला माहितीय. पण तू सगळ्यांची रखडलेली कामं करतोस, निकोलासाच्या पोरीला कागद मिळवून दिलेस. माझं एकच आहे. आठ महिने झाले सांगतोय. त्याला एकदा घरी पाठव. बोलणार नाही मी. नुसता बघेन."

आणि हॅट घालून निघून गेले.

आठ महिने! आणि माझ्या नाकाखालून! मी ट्रकच्या मागे तोंडात रुमाल कोंबून बसले होते.

आता दुसरं सांगते. बाबांच्या फुप्फुसात खाणीची धूळ बसलीय, हे जुनंच. पण मे महिन्यात शहरातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की यंदाचा अठरा सप्टेंबरचा राष्ट्रीय सण त्यांना दिसणं कठीण आहे. बाबांना सांगितलं नाही. तुलाही सांगणार नव्हते. पण आता वाटतं, त्यांना माझ्याआधी कळलंय.

ते यंत्र थांबव, एलेओदोरो. मीच सांगितलं होतं काढ म्हणून, मीच सांगतेय थांबव. आणि ये. सगळ्या गावाचं तो पत्र्यातला करेल न करेल, बाबांचं काम तुझ्याखेरीज कोणाला जमणार नाही.

ओर्तेन्सिया


गुरुवार, १९ जून

लोलो,

उत्तराची वाट न बघता लिहितेय. काल संध्याकाळी चहाला बसलो असताना मी बाबांना सरळ विचारलं.

"सोमवारी पत्त्यांत कोण जिंकलं?"

"ज्याचे पत्ते चांगले, तो."

"मी वळणावर होते, बाबा."

त्यांनी पाव मोडला, त्याला अवोकाडो फासला, मीठ घातलं. घाई नाही. मग म्हणाले, "चोरून ऐकायचं हे फादर शिकवतात वाटतं तुम्हाला."

"तुम्ही देव मानत नाही आणि टीव्हीवरच्या विदूषकापुढे हॅट काढता?"

"देवाने मला कधी हसवलं नाही. त्याने दर गुरुवारी हसवलं. तुझ्या आईला तर उठून बसवायचा. शेवटच्या वर्षी बिछान्यातून ती फक्त त्याच्यासाठी उठायची." मग पाव चावत, "ज्याने माझ्या बायकोला उठवलं त्याला मी नमस्कार केला तर तुझ्या चर्चचं काय जातं?"

"पण तो लोलो आहे, बाबा! तुमचा मुलगा! पत्र टाका, मी शिक्का मारते. फोन लावा, मी लावून देते."

"मी शपथ घेतलीय."

"आणि हे सोमवारचं?"

"फ्रोइलानशी न बोलायची शपथ नव्हती घेतली," म्हणाले, आणि चहा पुढे केला, अजून ओत म्हणून.

मला हसू आलं आणि त्याच घोटाला रडू. हा माणूस कायद्याने जगतो रे. युनियनवाला.

तू विसरला नसशील, तरी लिहिते, कारण मला ते पुन्हा बघायचंय. आईला पुरलं शुक्रवारी चार वाजता. तू आलास शनिवारी सकाळी. घरात नऊ दिवसांच्या प्रार्थनेला माणसं भरलेली, टीव्हीवर चादर टाकलेली. तू दारात उभा, हातात बॅग, तोंडावर रक्त नाही. आणि मागून कोणीतरी, बहुधा बंदरावरचा तो दारुडा गुमेर्सिंदो, खिंकाळला, "घ्या, फ्रोइलानकाका आले!" दोघंतिघं हसली. भीतीने हसतात तसं. आणि तुझ्या तोंडून, फ्रोइलानच्या आवाजात, त्याचं प्रत्येक भागातलं वाक्य निघालं, "उशीर झाला, पण आलो ना!"

मी तुझा चेहरा पाहिला होता. तू ते म्हणाला नाहीस, ते तुझ्यातून बाहेर पडलं. उचकी लागावी तसं. हे मला तेव्हाही दिसलं होतं आणि मी गप्प बसले. बाबा उठले आणि म्हणाले, "आईच्या मातीला उशिरा आलेल्या मुलाशी मी या जन्मात बोलणार नाही." तू बॅग खाली न ठेवताच परत फिरलास.

अजून एक कबूल करते, हसू नकोस. घुमटी पाहिल्यापासून मी रोज जपमाळ घेऊन बसते आणि माझ्या लक्षात येतं की मनात मला उत्तर देणारा जो आवाज आहे तो तुझा आहे. फ्रोइलानचा. "काय तेन्चाबाई, आज पुन्हा तेच पाप? नवीन काही नाही का स्टॉकमध्ये?" किती वर्षं मी या आवाजाला देव समजत होते? मुलांना काय तोंडाने शिकवू?

आणि तो आवाज एकच प्रश्न विचारतो. त्याचं उत्तर मला तुला द्यायचंय. आज नाही. आज पोस्ट बंद करायची वेळ झाली.

तू यंत्र थांबवलंस का ते कळव.

तेन्चा


बुधवार, २५ जून

लोलो,

तुझं उत्तर नाही. नसू दे. हे मी आता लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही.

आई गेली बुधवारी रात्री. गुरुवारी सकाळी अकराला बाबा पोस्टात आले. फोनची लाइन त्या आठवड्यात पडलेली होती, म्हणून तार. त्यांनी स्वतःच्या हाताने फॉर्म भरला, त्या खाणकामगाराच्या हाताने, एकेक अक्षर विटेसारखं. "आई काल रात्री गेली. शुक्रवारी चारला माती. ये." मला म्हणाले, "लगेच पाठव." मी म्हटलं, "हो."

मी तो फॉर्म खणात ठेवला.

लगेच पाठवला असता तर तू रात्रीच्या बसने निघून शुक्रवारी उजाडता पोचला असतास. मला हे माहीत होतं. बसचं वेळापत्रक माझ्याच भिंतीवर लावलेलं होतं. मी ते बघत बसले. शुक्रवारी सकाळी तार पाठवली.

का, हाच त्या आवाजाचा प्रश्न. सहा वर्षं मी तो स्वतःला विचारला नाही, इतकी मी भित्री. आता लिहिते. चार वर्षं आईचं हगणंमुतणं मी काढलं. आणि आई दर गुरुवारी तुझ्यासाठी उठून बसायची. माझ्या हातचं सूप थुंकायची आणि तुझं तोंड दिसलं की टाळ्या वाजवायची. लोक मला रस्त्यात थांबवून विचारायचे, "फ्रोइलानकाका कसे आहेत?" आई कशी आहे हे कोणी विचारलं नाही. त्या गुरुवारी खण लावताना मला काय सुचलं माहितीय? तुझी मालिका. म्हटलं, हा माणूस उशिरा येतो म्हणून सगळा देश हसतो. एकदा खरोखर उशिरा येऊ दे. बघू दे सगळ्यांना. मला ते गमतीदार वाटलं, लोलो. आईचं प्रेत घरात होतं आणि मला ते क्षणभर गमतीदार वाटलं. 

मग तू दारात येऊन तेच वाक्य बोललास, आणि मी ते तुझ्या तोंडी घातलंय हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं.

दर शनिवारी मी फादरपुढे पापं सांगते. मुलांवर ओरडले, उपासाला मटण खाल्लं. हे कधी सांगितलं नाही. परवा सोमवारी बाबा यायच्या आधी मी वळणावर गेले, तुझ्या त्या उघड्या तोंडाच्या फोटोपुढे उभी राहिले, आणि त्याला सांगितलं. सगळ्यांत आधी त्याला. मागे ट्रकवाले उभे होते, त्यांनी ऐकलं असेल तर असेल. मग वाटलं, पत्र्याला काय सांगतेस, ज्याचं आहे त्याला सांग. म्हणून हे पत्र.

माफी मागत नाही. मागायला तोंड नाही. बाबांना सांगायचं धाडस अजून झालेलं नाही. सांगितलं तर त्यांचे जे दिवस उरलेत त्यात मी त्यांना गमावेन, आणि मला दुसरं कोणी नाही. हे लिहितानासुद्धा मी स्वतःचाच विचार करतेय बघ.

तू ये. माझ्यासाठी नाही.

तेन्चा


गुरुवार, ३ जुलै

लोलो,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. टपालावर आता माझा विश्वास नाही, आणि टपालाचा माझ्यावर नसावा. बसच्या ड्रायव्हरकडे देतेय, तो शुक्रवारी तुझ्या घरी आणून देईल. शनिवारच्या रात्रीच्या बसमध्ये चढण्याआधी वाच, कारण घरी काय झालंय ते तुला माहीत असायला हवं.

सोमवारी यंत्र आलं. तू थांबवलं नाहीस, की तुझं पत्र खात्यात कुठे अडलं, मी विचारत नाही. बाबा रांगेत होते. यंत्रावरचा माणूस खाली उतरला, हेल्मेट काढून दोन मिनिटं घुमटीपुढे उभा राहिला, म्हणाला, "काका, उशीर करायचा प्रयत्न केला, पण साहेब मागे आलाय." मग चढला आणि एका धक्क्यात उचलून ट्रकमध्ये टाकली. घड्याळं रस्ताभर पसरली. बायका ओरडत होत्या, निकोलासाबाई यंत्राला मासळीच्या टोपलीने मारत होत्या.  बाबा जिथे घुमटी होती तिथे बघत उभे राहिले, तोंड उघडलं, आणि मिटलं. बोलायचं कोणाशी? घरी आणताना त्यांचा हात मी धरला तर त्यात वजनच नव्हतं.

मंगळवारी ते जेवले नाहीत. तोंड भिंतीकडे करून पडून राहिले.

काल बुधवारी तुझं पाकीट आलं. मी पोस्टातच फोडलं. आत पत्र नव्हतं. ती तार होती. सहा वर्षांपूर्वीची, घडीवर फाटत आलेली. बाबांचे शब्द, "काल रात्री गेली," आणि त्याखाली माझ्या पोस्टातून निघाल्याची तारीख-वेळ. शुक्रवार, २३ ऑगस्ट, नऊ वाजून दहा मिनिटं.

मी खुर्चीत बसले, मग खुर्चीतून जमिनीवर.

तुला माहीत होतं! शुक्रवारी निघालेल्या तारेत "आज चारला" न म्हणता "शुक्रवारी चारला" कोण लिहील, हे तू त्याच दिवशी ओळखलंस. तो कागद खिशात घेऊनच तू त्या दारात उभा होतास. खिशातून काढून बाबांना दाखवला असतास तर मी त्या दिवशी संपले असते. तू बॅग उचलून निघून गेलास. सहा वर्षं बोलणी खाल्लीस, बाप घालवलास, आणि कागद जपून ठेवलास. तारेच्या मागच्या बाजूला तू पेन्सिलीने एवढंच लिहिलंयस, "आईच्या उशाशी तू होतीस. मी नव्हतो." मी किती मोठ्याने रडले असेन, की शेजारच्या दुकानातली माणसं काउंटरवर आली.

मग मी घरी गेले. आता जे लिहिते त्याचं श्रेय मला देऊ नकोस, मला तेव्हा धाडसबिडस काही वाटत नव्हतं. फक्त आणखी एक दिवस तो कागद माझ्या खणात राहणं शक्य नव्हतं. बाबांच्या हातात तार दिली, आणि चष्मा दिला.

त्यांनी वाचली. आपले शब्द ओळखले. बोट तारखेवर नेलं, मग परत "काल रात्री" वर, मग परत तारखेवर. खाणीतला हिशेबनीस चुकला की ते असेच कागदावर बोट ठेवून बसायचे. खोकला आला, तो थांबेपर्यंत मी उभी होते.

"तू ठेवून घेतलीस?"

"हो."

"रात्रभर?"

"हो, बाबा."

ते उठले. दोन दिवस न जेवलेला माणूस उठला, कोट घातला, सगळी बटणं लावली. माझ्या पुढे चालत पोस्टात गेले, मी मागे. काउंटरच्या बाहेरच्या बाजूला उभे राहिले आणि फॉर्म मागितला. लिहायला फार वेळ लागला. काय लिहिलं ते तुझ्यापाशी पोचलंच आहे. "तू उशिरा आला नव्हतास. शपथ तुला लागू नाही. बाप वाट बघतोय. ये." पैसे मोजून ठेवले. मी म्हटलं, "राहू द्या." त्यांनी नाणी पुढे सरकवली.

मग काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून, माझ्या हाताकडे बघत उभे राहिले. मी तार पाठवली. ते हलले नाहीत. मी म्हटलं, "गेली, बाबा." ते म्हणाले, "वेळ टाक." मी शिक्का मारला. त्यांनी स्वतःचा चष्मा पुसून वेळ वाचली आणि घरी गेले.

त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत, लोलो. रात्री निकोलासाबाई सूप घेऊन आल्या, तर त्यांना म्हणाले, "हिला सांगा, मीठ कमी आहे." सूप त्यांनी केलं होतं, मी नव्हे. तुझी "रविवारी पोचतो" अशी उलटी तार मी वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि कुत्र्याला वाचून दाखवली. दोनदा. आवाज असा फुटला होता त्यांचा, आईचं नाव घेताना फुटायचा तसा. मग आरसा मागितला, दाढी करायला. माझ्याकडे नाही, कुत्र्याकडे.

मोठ्याने शपथ घेतलेली नाही. पण त्यांना मी ओळखते. आणि खरं सांगू, त्यांनी बरोबरच केलं. जो गुन्हा त्यांनी तुला लावला होता तो माझा निघाला, तर शिक्षाही माझ्याकडे यायला हवी, तो माणूस कायद्याने जगतो. फक्त तुझ्याकडे ती भोगायला वर्षं होती. माझ्याकडे किती आठवडे आहेत ते डॉक्टर सांगत नाहीत.

वळणावर लोकांनी कालच रंगाच्या रिकाम्या डब्यात तुझा दुसरा फोटो लावलाय. त्यांना अडवायला मी जाणार नाही. तूही जाऊ नकोस.

रविवारी सकाळी बाबा थांब्यावर असतील. मला येऊ नको असं निकोलासाबाईंकरवी कळवलंय. तेव्हा मी घरी असेन, कांदा-बटाटा घालून कोंग्रिओ माशाचं कालवण करून ठेवीन. तुम्ही दोघं आधी पोटभर बोलून घ्या. मध्ये मी येणार नाही. पण आत आलास की एकदा मोठ्याने "तेन्चा" म्हणून हाक मार, त्यांना ऐकू जाईल अशी. या घरात माझं नाव घेणारं आता दुसरं कोणी नाही.

तेन्चा